किटमधून सेव्हन बांधायची म्हणजे काय काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बारा वर्षं नोकरीनिमित्त इंग्लंडात, कोव्हेंट्रीच्या जवळ राहतो. घराला लागून एका गाडीचं गॅरेज आहे, त्यात मी जुन्या माझदा एमएक्स-५ चे पार्ट वापरून सेव्हनच्या धर्तीची दोन सीटची उघडी गाडी बांधली, सतरा महिने लागले, आणि आता ती नंबर प्लेटसकट रस्त्यावर फिरते. इथल्या मंडळाच्या गणपतीत, घरच्या ग्रुपवर, ऑफिसात, आणि पेट्रोल पंपावर तर दर वेळी, लोक तेच प्रश्न विचारतात आणि अगदी मनापासून विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढतोय. नियम सांगितलेत ते ब्रिटनचे, भारताचं खाली वेगळं लिहिलंय.

सेव्हन म्हणजे नक्की कुठली गाडी?

लोटस सेव्हन. लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणली. पहिल्या गाडीत फोर्डचं ११७२ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर, पण अख्ख्या गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही कमी. बारीक स्टीलच्या पाइपांची फ्रेम, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, दरवाजे नाहीत. चॅपमनचं सगळं डोकं वजन कमी करण्यात चालायचं आणि ते या गाडीत उघड्या डोळ्यांनी दिसतं, लपवलेलं काहीच नाही.

आणि ती किटमध्ये का विकली जायची याचंही कारण आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या पार्टांवर नाही. म्हणून लोक पार्टांच्या पेट्या घेऊन जायचे आणि घरी जोडायचे. पेट्यांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला परवानगी नव्हती म्हणून चॅपमनने गाडी सोडवायची कशी याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटून वाचल्या, हा किस्सा इथल्या कुठल्याही किटवाल्याला विचारा, सांगेल. १९७३ मध्ये व्हॅट आला, टॅक्सची ती सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले, ते आजही ही गाडी बनवतात, किटमध्येसुद्धा देतात. बाकी अनेक छोट्या कंपन्या त्याच धर्तीची स्वतःची किट विकतात, माझं त्यातलंच एक.

मग ही नकली गाडी झाली ना?

हा प्रश्न मला लागतो, खरं सांगतो. नकली तेव्हा म्हणतात जेव्हा तुम्ही ती खरी म्हणून खपवता. मी गाडीवर लोटसचा बिल्ला लावलेला नाही आणि लावणारही नाही, रजिस्ट्रेशनच्या कागदावर किट बनवणाऱ्याचं नाव आहे, कोणी विचारलं तर मी तेच सांगतो. आकार जुना, ब्रेक, इंजिन, सीटबेल्ट सगळं अलीकडचं. उलट १९५७ च्या माणसांनी जे केलं, म्हणजे गॅरेजात बसून स्वतःच्या हाताने गाडी जोडली, ती गोष्ट यात शंभर टक्के अस्सल आहे.

किटमध्ये काय येतं आणि काय येत नाही?

हे खरेदीच्या आधी लेखी विचारा. माझ्या किटमध्ये वेल्ड करून पावडर कोट केलेली चासी, अॅल्युमिनियमचे पत्रे, फायबरचं नाक आणि मडगार्ड, विशबोन (चाक चासीला धरून ठेवणारे इंग्रजी ए च्या आकाराचे दांडे), शॉक अॅब्सॉर्बर, पेट्रोलची टाकी, रेडिएटर एवढं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग रॅक, वायरिंग, हे सगळं जुन्या गाडीतून काढायचं. सीट, टायर, आरसे, दिवे, नट-बोल्ट, रिव्हेट, सीलंट हे माझं मला. जाहिरातीत "स्टार्टर किट" लिहिलेलं असतं त्यात बहुतेक वेळा फक्त चासी आणि पत्रे असतात, किंमत बघून हुरळून जाऊ नका, यादी मागा आणि आपल्या वहीत तीन रकाने करा: किटमधलं, जुन्या गाडीतलं, विकत आणायचं. मी ही वही पहिल्या दिवसापासून ठेवली आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच हत्याराचा झाला नाही.

जुनी गाडी, म्हणजे डोनर, कुठली घ्यावी?

पूर्वी इथे सगळे फोर्ड एस्कॉर्ट घ्यायचे, मग सिएरा. आता त्या गाड्याच दुर्मिळ झाल्या, एस्कॉर्ट तर सोन्याच्या भावात. सध्या सगळ्यात सोयीची एमएक्स-५, कारण इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, आणि चारही चाकांना डबल विशबोन. ही गाडी १९८९ मध्ये आली तीच मुळी जुन्या ब्रिटिश रोडस्टरांच्या, म्हणजे दोन सीटच्या उघड्या गाड्यांच्या, ओढीतून, त्यामुळे तिचे अवयव सेव्हनला शोभतात.

एमएक्स-५ चा रोग म्हणजे गंज. दरवाजाखालचे सिल आणि मागच्या चाकांवरचा पत्रा सडतो, गाडी तपासणीत नापास होते, दुरुस्ती परवडत नाही, आणि मालक ती स्वस्तात काढतो, इंजिन मात्र ठणठणीत. आपल्याला तेच पाहिजे. घेताना गंजाकडे दुर्लक्ष करा, पण इंजिन थंड असताना चालू करून बघा, गिअर सगळे टाकून बघा, डिफरन्शियलचा घूं असा आवाज येतो का ऐका आणि कागद मूळ मालकाच्या नावाचे आहेत का ते दोनदा बघा. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका, कारण खाली नंबर प्लेटमध्ये लिहिलंय.

सोडवताना मागच्या खालच्या विशबोनचे लांब बोल्ट जाम असणार हे गृहीत धरा. आठवडाभर रोज तेल मारायचं, मग गरम करायचं, मग पाना. जोर लावून बोल्ट तुटला किंवा आटे गेले की एका तासाचं काम चार दिवसांवर जातं.

एकूण खर्च किती आला?

माझा साधारण १२ हजार पौंड. डोनर ९०० ला मिळाली आणि तिच्या सीट, दरवाजे, चाकं, टप विकून साडेसहाशे परत आले. किट साडेपाच हजारांच्या थोडं वर. उरलेले पैसे कुठे गेले ते मलाही वही बघूनच कळलं: टायर, एक्झॉस्ट, ब्रेकचे सगळे नवे पाइप आणि होज, बेअरिंग, बुश, दिवे, हत्यारं, टेस्टची फी, गाडी नेण्या-आणण्याचा ट्रेलर, आणि दर शनिवारी वीस-तीस पौंडांचे नट-बोल्ट. किटच्या किमतीच्या दुप्पट पैसे बाजूला असतील तरच सुरुवात करा. आणि या पैशात चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड, बांधलेली सेव्हन सहज मिळते हे पण सांगून ठेवतो. फक्त चालवायची हौस असेल तर ती घ्या, त्यात काही कमीपणा नाही. बांधायची हौस असेल तरच किट.

वेळ किती लागतो? नोकरी सांभाळून होतं का?

होतं. माझे वहीत नोंदलेले तास ४३० च्या आसपास, सतरा महिन्यांत. कंपन्या सांगतात ते आकडे सराईत माणसाचे असतात, त्यात पार्ट शोधणं, चुकलेलं परत करणं, पार्सलची वाट बघणं धरलेलं नसतं. पहिल्या दोन महिन्यांत मी शनिवार-रविवार आठ-आठ तास गॅरेजात काढायचो, घरात कुरबूर सुरू झाली आणि ती रास्त होती. मग ठरवलं, मुलगी झोपल्यावर रोज फार तर एक तास आणि शनिवारी सकाळी फार तर तीन तास, बास. काम उलट जास्त झालं, कारण तासाभरात एकच गोष्ट हातात घ्यायची आणि ती पूर्ण करूनच दिवा बंद करायचा.

इंजिन बसलं की लोकांना वाटतं आता महिन्याभरात झालं. नाही. इंजिन बसतं एका दिवसात, भाड्याने क्रेन आणायची, दोन मित्र बोलवायचे, वरून तिरकं सोडायचं, संध्याकाळी फोटो टाकायचा. त्यानंतरचे सहा महिने फोटो टाकण्यासारखं काहीच घडत नाही, नुसती क्लिपा, ब्रॅकेट, रबर, वायर. बहुतेक किट याच टप्प्यावर ताडपत्रीखाली जातात.

मी मेकॅनिक नाही, वेल्डिंग येत नाही. जमेल?

चासी वेल्ड होऊनच येते, त्यामुळे वेल्डिंग नाही आलं तरी चालतं, आणि सस्पेन्शन किंवा सीटबेल्टच्या जागी नवशिक्याने वेल्डिंग करूच नये. तुम्हाला मोजता आलं पाहिजे, भोक सरळ पाडता आलं पाहिजे आणि कंटाळा आला की हत्यार खाली ठेवता आलं पाहिजे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, सुट्टीत मी तिथेच असायचो, तेवढीच पुंजी.

हत्यारांत चांगला टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), जॅक आणि चार मजबूत स्टँड, रिव्हेटर, मल्टिमीटर, वायर क्रिंप करायची पक्कड आणि तीन-चार कानशी. यातल्या टॉर्क रेंचवर आणि स्टँडवर पैसे वाचवू नका. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, एकदा काढला की टाकून द्यायचा, परत वापरायचा नाही. टॉर्क करून झालं की प्रत्येक नटावर पिवळ्या पेनने रेघ मारायची, नटावरून बोल्टवर जाणारी, म्हणजे नंतर नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पत्रा आणि चासीमध्ये सीलंट लावायला विसरू नका. अॅल्युमिनियम आणि स्टील थेट चिकटले आणि पाणी गेलं की पत्रा पांढरा पडून खायला लागतो, आणि हे लक्षात येतं तेव्हा रिव्हेटच्या दोन-तीनशे भोकांतून सगळा पत्रा काढावा लागतो.

सगळ्यात अवघड काम कुठलं?

बऱ्याच जणांना वायरिंग वाटतं. मला ब्रेकचे पाइप. वायरिंग चुकलं तर फ्यूज उडतो, पाइप चुकला तर ब्रेक.

तांबे-निकेलचा पाइप घ्यायचा, तो हाताने वाकतो आणि गंजत नाही. कापायचा छोट्या कटरने, गोल फिरवत, करवतीने नाही. मग आतली-बाहेरची बर, म्हणजे कापताना उरलेली धार, काढायची. मग नट पाइपमध्ये घालायचा, तो आधीच घालावा लागतो, तोंड वळल्यावर जात नाही. मग फ्लेअरिंग टूलमध्ये पाइप धरून तोंड वळवायचं, आणि इथे खरी मेख आहे. माझदाचे कॅलिपर जपानी पद्धतीचे, त्यांना दुहेरी वळवलेलं तोंड लागतं, आणि मी घेतलेल्या नव्या जोडणीला एकेरी. नटाचे आटे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे चुकीचं तोंड सुद्धा मस्त आवळलं जातं, बाहेरून काही कळत नाही. माझ्या मागच्या डाव्या चाकाशी असंच झालं. सगळं आवळून, तेल भरून, कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाखाली ठेवून मी झोपायला गेलो, सकाळी एका टिश्यूवर पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग होता. तो पाइप कापून नवा केला. टिश्यू ठेवायची सवय आप्पांनी फोनवर सांगितली होती, हायड्रॉलिक प्रेसचं काम करताना ते असंच करायचे.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. बायको सीटवर, मी चाकाशी. मी "दाब" म्हणायचो, ती पेडल दाबून "धरलंय" म्हणायची, मी निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडायचो, बुडबुडे बघायचो, बंद करून "सोड". मी "सोड" म्हणायच्या आधी तिने सोडलं तर हवा परत आत, म्हणून हे तीन शब्द ठरवून घ्या आणि त्याच क्रमाने बोला. चार चाकांना दीड तास लागला, आणि शेवटी पेडल दगडासारखं घट्ट झालं तेव्हा ती खाली उतरून म्हणाली, आता बसते मी हिच्यात.

वायरिंगचं काय मग?

डोनरची वायरिंग अख्खी बाहेर काढा, कापू नका, प्रत्येक प्लगला चिठ्ठी बांधा आणि मगच काढा. एअरबॅग, काचा, सेंट्रल लॉक, रेडिओ या सगळ्या वायरी नको असतात, पण त्या जमिनीवर पसरून, एकेक करून, मल्टिमीटर लावत काढायच्या. एमएक्स-५ ला इमोबिलायझर (चोरी रोखायची यंत्रणा) असेल तर चावी, त्याचा बॉक्स आणि इंजिनचा कॉम्प्युटर तिन्ही एकाच गाडीचे लागतात. अर्थिंगसाठी पावडर कोट खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, निम्मी भुतं तिथेच असतात.

आयव्हीए टेस्ट म्हणजे काय?

इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल. कारखान्यात बनणाऱ्या मॉडेलला एकदाच मंजुरी मिळते, पण घरी बांधलेली प्रत्येक गाडी वेगळी, म्हणून तिची एकटीची तपासणी. १९९८ पासून याला एसव्हीए म्हणायचे, २००९ पासून आयव्हीए. सरकारी केंद्रात गाडी न्यायची, एक तपासनीस तीन-चार तास तिला वरून-खालून बघतो. ब्रेक रोलरवर लावून बघतात, पुढच्या चाकांच्या आधी मागची लॉक होता कामा नयेत. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. आवाज ९९ डेसिबलच्या आत पाहिजे. दिव्यांची उंची, आरशात दिसणारा भाग, सीटबेल्टचे बोल्ट, पेट्रोलच्या टोपणाला दोरी आहे का, सगळं.

आणि कडा. हा भाग सगळ्यांना छळतो आणि मला सगळ्यात आवडला. गाडीच्या बाहेरच्या बाजूला माणसाचं अंग लागू शकेल अशी कुठलीही कड किमान २.५ मिमी त्रिज्येची गोल पाहिजे. तपासनीस १०० मिमीचा गोळा घेऊन फिरवतो, गोळा जिथे जिथे टेकतो ती प्रत्येक जागा मोजली जाते. सेव्हनमध्ये सगळंच बाहेर, विशबोनचे बोल्ट, दिव्यांचे ब्रॅकेट, मडगार्डच्या पट्ट्या. आतल्या डॅशबोर्डसाठी वेगळा, १६५ मिमीचा गोळा, डोकं आपटलं तर काय लागेल ते बघायला.

लोक यावर चिडतात, म्हणतात फालतू नियम. मला तसं वाटत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला माझ्या हौशीच्या गाडीची कड लागू नये हे मागणं चुकीचं कसं? लहानपणी आप्पा हातात जॉब घेतला की डोळे मिटून अंगठा कडेवरून फिरवायचे आणि म्हणायचे, बर काढ रे आधी. टेस्टच्या आधीचे तीन आठवडे मी तेच केलं. अंगठा फिरवायचा, टोचलं की कानस, मग पॉलिश पेपर, मग परत अंगठा. बोल्टना गोल टोपणं, पत्र्याच्या कडेला रबराची पट्टी. पुढच्या दिव्याच्या ब्रॅकेटवर तर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि आज गाडीवर हात फिरवला की ती जागा मला बरोबर कळते.

पहिल्याच फेरीत पास झाली का?

नाही. तीन गोष्टींवर अडली. एक, नाकाखाली एका बोल्टचं टोपण गळून पडलं होतं. दोन, मागच्या फॉग लॅम्पचा डॅशवरचा दिवा लागत नव्हता. तिसरी मोठी, स्टिअरिंग आपोआप सरळ होत नव्हतं. वळल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग मध्याकडे परत यायला पाहिजे, हलक्या गाडीत पुढे वजनच कमी असल्याने ते आळशीपणे तिथेच थांबतं. सेव्हनवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. उपाय म्हणजे कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवणं. मी वरच्या विशबोनच्या मागचे दोन वायसर काढून पुढे घातले, त्यामुळे विशबोन थोडा मागे सरकला, पुढच्या चाकांची दिशा परत जुळवली, आणि दुसऱ्या फेरीत तपासनीसाने हात सोडला तेव्हा स्टिअरिंग आपलं आपण फिरून आलं. पुन्हा तपासणीची फी पहिल्यापेक्षा बरीच कमी असते, आणि नापासाच्या कागदावर नेमकं कारण लिहून देतात, त्यामुळे खचून जाऊ नका. माझा तपासनीस अतिशय सज्जन होता, चुका दाखवताना समजावून सांगत होता.

नंबर प्लेट कुठली मिळते?

इथे नंबरवरून गाडीचं वय कळतं, आणि कुठला मिळेल हे तुम्ही काय काय वापरलं त्यावर ठरतं. सगळं नवं, फार तर एक मोठा पार्ट दुरुस्त केलेला, असं असेल तर चालू वर्षाचा नवा नंबर. नवी किट चासी आणि एकाच जुन्या गाडीतले किमान दोन मोठे अवयव असतील तर त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर. पुरावा नसेल किंवा तीन गाड्यांमधून गोळा केलेलं असेल तर क्यू ने सुरू होणारा नंबर, जो कायमचा चिकटतो आणि विकताना किंमत पाडतो. म्हणून डोनरचे कागद, प्रत्येक पावती आणि बांधणीचे तारखेसकट फोटो जपा. माझी पावत्यांची फाइल चासीइतकीच काळजीने ठेवली होती, अर्जाला जोडली, आणि एकही उलट प्रश्न आला नाही.

कोब्रा का नाही बांधली? ती जास्त भारी दिसते.

दिसते, प्रश्नच नाही. १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ बसवलं, आधी ४.२ लिटर, नंतर ४.७, आणि शेवटी ७ लिटर. अस्सल गाड्या हजाराच्या आसपासच बनल्या, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक कोब्रा रेप्लिका असते. पण ती रुंद आहे, फायबरच्या बॉडीला रंगाचं काम प्रचंड, व्ही-८ चा खर्च वेगळा, आणि माझ्या गॅरेजात ती ठेवली तर बाजूने चालायलाही जागा उरली नसती. जागा आणि पैसा असेल तर जरूर बांधा.

भारतात करता येईल का?

पुण्या-मुंबईतले भाचे आणि मित्र हेच विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. ब्रिटनसारखी एकट्या माणसाने बांधलेल्या एकाच गाडीची तपासणी करून नंबर देणारी सोपी वाट आपल्याकडे नाही. आपल्याकडे मॉडेलला मंजुरी लागते, पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून, आणि तो खर्च कंपनीला परवडतो, घरच्या माणसाला नाही. जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन ठेवून बॉडी बदलायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेला धरून नसलेले बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. कोणी एजंट "आरटीओचं मी बघतो" म्हणाला तर पैसे देऊ नका, अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करेल.

पण सेव्हनचं नातं महाराष्ट्राशी अजिबात नाही असं नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर १.८ एस बनवली होती, इंजिन अँबॅसडरमध्ये यायचं ते १.८ लिटरचं इसुझू. कुठे बघायला मिळाली तर जवळून बघा, आपल्या मातीत हे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. आणि इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युला भारतची टीम धरा, या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायच्या स्पर्धा आहेत. रस्त्यावर नाही, ट्रॅकवर चालते, पण चासी, सस्पेन्शन, ब्रेक, वायरिंग सगळं हाताने करता येतं आणि ते शिक्षण माझ्या गॅरेजातल्यापेक्षा पक्कं आहे.

इन्शुरन्स मिळतो का?

मिळतो, पण नेहमीच्या कंपन्यांच्या यादीत गाडीच सापडत नाही. किटगाड्यांचे खास ब्रोकर आहेत, त्यांच्याकडून ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्या. बांधणी चालू असताना गॅरेजातल्या पार्टांचाही विमा निघतो, तो पहिल्या दिवशी काढा.

सुरक्षित आहे का? पोरांना बसवता का?

एअरबॅग नाही, बाजूला दरवाजा नाही, ट्रकचं चाक आपल्या डोळ्याच्या उंचीला. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला आपण दिसत नाही असं धरूनच चालवायची. हायवेवर मी नेतच नाही. मुलगी सात वर्षांची आहे, तिला घराच्या रस्त्यावर, सावकाश, तिच्या सीटमध्ये बसवून एकदाच फिरवलंय, बाकी मोठी झाल्यावर.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना काय काळजी घ्यावी?

स्पार्क प्लग काढून ठेवा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, आणि ऑइल प्रेशर येईपर्यंत नुसतं स्टार्टरने फिरवा. मग प्लग घाला. आग विझवायचा सिलिंडर हाताशी, गॅरेजचं दार उघडं, आणि एक माणूस फक्त पेट्रोलच्या जोडांकडे बघायला. आमच्याकडे तो माणूस म्हणजे व्हिडिओ कॉलवरचे आप्पा, फोन इंजिनजवळ स्टँडवर लावला होता. तिसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं तेव्हा ते काही बोलले नाहीत, कान पुढे करून ऐकत राहिले, आणि म्हणाले, एक टॅपेट वाजतोय, तेल गरम होऊ दे, थांबेल. दहा मिनिटांनी थांबला.

दुसऱ्याचं अर्धवट किट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

घ्या, पण त्याने केलेलं सगळं परत सोडवायची तयारी ठेवून. कुठला नट टॉर्क केलाय आणि कुठला नुसता हाताने फिरवून ठेवलाय हे त्याला स्वतःलाही आठवत नसतं. ब्रेकचे पाइप तर नवेच करा. आधी कंपनी अजून चालू आहे का, चासी नंबर आणि खरेदीची पावती आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या.

बांधून झाली, आता देखभाल किती?

पहिल्या ५० मैलांनंतर आणि परत ५०० मैलांनंतर सगळ्या पिवळ्या रेघा तपासायच्या. मला पहिल्या फेरीत दोन तुटलेल्या सापडल्या, दोन्ही एक्झॉस्टच्या ब्रॅकेटच्या. इंजिनचं काम माझदाचंच, त्याचे पार्ट कुठेही मिळतात. पावसात न्यायची नाही असं मी ठरवलं होतं, ते इंग्लंडात एक आठवडा टिकलं, आता मागे एक जुना टॉवेल आणि रबरी हातमोजे कायम असतात. हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवतो, चाकांत थोडी जास्त हवा भरतो, आणि महिन्यातून एकदा गॅरेजात जाऊन ब्रेकच्या जोडांखाली टिश्यू ठेवून येतो.